दुसऱ्या ठोक्यानंतर

रेकॉर्डवरचा माणूस इंग्रजीत म्हणाला, "आता हे ऐका," आणि खोलीतली तिघं शिकाऊ डॉक्टर ऐकू लागली. त्यांना शिकवणारा डॉक्टर शालिग्राम सुरुशेही ऐकू लागला. हेडक्लार्क महादेवरावांनी घरून उचलून आणलेला रेकॉर्ड-प्लेअर मेडिसिनच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत टेबलावर ठेवला होता. टेबलाचा एक पाय आखूड होता, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. शनिवारची दुपार होती, बाहेर जानेवारीतलं कोवळं ऊन होतं, आणि काळी तबकडी फिरत होती. लब-डप. लब-डप. दोन्ही ठोके स्वच्छ येत होते. कुण्या परक्या देशातल्या परक्या माणसाचं हृदय बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात वाजत होतं, याची शालिग्रामला गंमतही वाटली. पण दुसऱ्या ठोक्यानंतर जे ऐकवण्यासाठी ही तबकडी बनवली होती, ते काही आलं नाही. तिथं नुसती रिकामी जागा होती, आणि मग पुन्हा पहिला ठोका. "रेकॉर्ड खराब निघाली," तो म्हणाला. तिघांनी त्याच्याकडे पाहिलं. नागपूरचे दोघं मुलगे लगेच टेबलाकडे बघू लागले. तिसरी विमल वानखडे, अकोटकडची, बोलायला भीड न बाळगणारी. ती म्हणाली, "नाही सर, येतोय ना आवाज. बारीक आहे. दिव्यावर हळूच फुंकर घालावी तसा."

"पुन्हा लावा."

पुन्हा लावली. शालिग्राम खुर्ची ओढून जवळ सरकला, वाकला, कान त्या डब्याच्या जाळीशी नेला. ठोके मोठे झाले, सुईची खरखर मोठी झाली. फुंकर नव्हती. त्यानं मान वर केली तेव्हा विमलचे ओठ किंचित पुढे आले होते आणि बोट हवेत ठोक्याबरोबर हलत होतं. लब, डप, आणि मग बोट हळूहळू खाली उतरत जायचं. ती आवाजाचा आकार काढत होती. एक मुलगा मान डोलावत होता. तिघंही एकाच ठिकाणी होते, आणि तो त्या ठिकाणी नव्हता. "ठीक आहे, पुढचं ऐका तुम्ही," असं म्हणून तो उठला. महादेवरावांनी विचारलं, "आवाज लहान केला का जी मी?" तोवर तो दाराबाहेर गेला होता.

खरं तर ती तबकडी त्याच्याच यादीतून आली होती. नागपूरच्या कॉलेजातले शिकाऊ डॉक्टर तीन-तीन महिन्यांसाठी बुलढाण्याला यायचे ठरले, तेव्हा सिव्हिल सर्जन त्याला म्हणाले होते, "सुरुशे, मेडिसिनचे एम.डी. तुम्हीच. या पोरांनी काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. एक कपाट देतो." कितीतरी वर्षांत कुणी त्याला असं काही विचारलं नव्हतं. पंधरा दिवस तो त्या यादीवर बसला होता. आपण काय वाचून डॉक्टर झालो, कोणतं पुस्तक आधी हातात आलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, कोणत्या पुस्तकानं नुसतं घाबरवलं, हे सगळं त्यानं एकट्यानं, पलंगावर पडून, छताकडे बघत आठवलं होतं. शेवटी सहा जाडजूड ग्रंथांची नावं झाली. पहिलं होतं ते तांबड्या पुठ्ठ्याचं, ज्याची पानं त्याला चेहऱ्यांसारखी ओळखू यायची. यादी त्यानं पोरांना दाखवली ती कौतुक व्हावं म्हणून. विमल ती वाचून म्हणाली होती, "सर, यातली पाच एकच गोष्ट सांगतात. आणि आवाज तर कुठल्याच पुस्तकात नसतो." त्याला राग आला होता. पण एका औषध कंपनीचा माणूस हृदयाच्या आवाजांच्या तबकड्या दवाखान्यांना फुकट वाटत फिरत होता, म्हणून त्यानं यादीच्या तळाशी सातवी ओळ पेन्सिलीनं लिहिली होती. पेन्सिलीनं, कारण ते काही खरं अभ्यासाचं साधन नव्हे असं त्याला वाटत होतं.

क्वार्टरकडे जाताना तो रस्त्याच्या कडेनं चालत होता आणि मागून आलेली सायकल त्याच्या दंडाला घासून गेली. सायकलवाला वळून काही बोलला. तोंड वाकडं झालेलं दिसलं. घंटी वाजवली असेल त्यानं, शालिग्रामच्या मनात आलं, आणि तो जागच्या जागी थांबला. घंटी. हातावरचं घड्याळ त्यानं दोनदा खामगावला दुरुस्तीला दिलं होतं, बंद पडतं म्हणून, आणि दोन्ही वेळा दुकानदारानं चाललेलं परत दिलं होतं. दुसऱ्यांदा तर तो हसलाही होता. शालिग्रामनं घड्याळ कानाला लावलं. शांत. डोळ्यांसमोर धरलं. सेकंदाचा काटा निवांत फिरत होता. मग एकेक गोष्ट येऊन समोर उभी राहू लागली, जशी वॉर्डात एका खाटेवरची बाई उठून बसली की बाकीच्याही उठतात. क्वार्टरसमोरच्या लिंबावर गेल्या काही वर्षांत चिमण्या येत नाहीत, असं तो मानून चालला होता. पावसाळ्यात रातकिडे कमी झाले, ते फवारणीच्या औषधांमुळं असेल असं त्यानं एका सभेत बोलूनही दाखवलं होतं. नव्या नर्सा तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून सिस्टरला दोनदा सुनावलं होतं. माणसं हल्ली पुटपुटतात, कुणाला कुणाशी नीट बोलायचंच नाही, अशी त्याची पक्की समजूत झाली होती, आणि त्या समजुतीवर त्यानं आपलं एकटं राहणं रचून ठेवलं होतं. लिंबाखाली येऊन त्यानं वर पाहिलं. फांदीवर पाच-सहा चिमण्या होत्या. त्यांच्या चोची उघडत होत्या आणि मिटत होत्या.

रविवारी वच्छलाबाई स्वयंपाकाला आल्या. सहा वर्षं त्या येत होत्या. भाकरी थापताना पाठ त्याच्याकडे. आज तो उठून त्यांच्या समोर, चुलीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. त्या दचकल्या.

"वच्छलाबाई, तुम्ही अलीकडे काही बोलत नाही."

त्यांनी परातीतला हात थांबवला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "मी त रोज बोलतो, साहेब. तुमी हाव-हाव करता. मंग मी गप बसतो."

"काय सांगितलं होतंत? एखादी गोष्ट सांगा."

त्यांनी पिठाचा गोळा खाली ठेवला. मग पीठ झटकत म्हणाल्या, "माहा भाऊ गेला म्हनून सांगतलं ना दिवाईच्या आंधी. तुमी म्हनले, बरं झालं."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग केव्हाच येऊन गेला होता, आणि त्यानंतरही त्या रोज येऊन दोन भाकरी थापून जात होत्या. साहेब मोठा माणूस, त्याला गरिबाच्या भावाचं काय, असं त्यांनी धरलं असणार. जेवण झाल्यावर तो पलंगावर पडला. त्याला कारण शोधावं लागलं नाही. ते त्याला ठाऊक होतं, चौदा वर्षांपासून. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी थुंकीत रक्त आलं आणि जानेफळच्या भाजीच्या मळ्यातून उठून बाप, कडूबा, त्याला घेऊन पुण्याकडच्या सॅनिटोरियमला गेला होता. तिथं नवं इंजेक्शन मिळत होतं. रोज एक, नव्वद दिवस. त्याच्या शेजारच्या खाटेवरची दोन माणसं ते इंजेक्शन येण्याआधी मेली होती. विसाव्या दिवसापासून कानात बारीक शिट्टी सुरू झाली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "थांबवू का?" आणि त्यानं नाही म्हणून जोरात मान हलवली होती. छातीवर ते तांबडं पुस्तक ठेवून तो वाचायचा, त्यात या औषधाचं पानही होतं, आणि खाली बारीक टाइपात कानांविषयी दोन ओळी होत्या. त्यानं त्या वाचल्या होत्या. शिट्टी पुढं थांबली, म्हणजे संपलं, असं त्यानं धरलं. शिट्टी कशी थांबली असेल याचा विचार त्यानं केला नाही. सॅनिटोरियममधली माणसं त्याच्या 'मले-तुले'ला हसायची, म्हणून त्यानं ती बोलीही तिथंच टाकली होती. बरा होऊन परतला तेव्हा आई, गोजरबाई, मळ्यात वांग्याच्या वाफ्यात उभी राहून त्याच्याशी बोलत होती, आणि तो शुद्ध भाषेत तिला उत्तरं देत होता, आणि ती गप्प होत गेली. क्षय होऊन गेलेल्याला मुलगी कोण देणार? दोन ठिकाणी विचारलं, मग विचारणं बंद झालं. त्याला त्याचं फार वाईटही वाटलं नव्हतं. पुस्तकं होती. पुस्तक मोठ्यानं बोलत नाही.

पण हे सगळं त्याचं त्याच्यापुरतं होतं. त्याला स्वस्थ पडू देत नव्हती ती बायकांच्या वॉर्डातली सातव्या खाटेवरची पोरगी. पंचफुला, वरवट बकालची, बावीस वर्षांची, दोन महिने ताप. आधी विषमज्वर धरून औषध दिलं. ताप उतरला आणि परत आला. पोटात वाढलेली प्लीहा हाताला लागत होती. ती इकडच्या मलेरियात लागतेच. बोटाच्या टोकाशी दुखरी तांबडी गाठ होती. कपाशी वेचताना काही रुतलं असेल. लहानपणी सांधे सुजले होते असं तिची आई म्हणाली होती. त्यानं तीनदा छाती तपासली होती आणि तिन्ही वेळा लिहिलं होतं: हृदय स्वच्छ. मग राहिला क्षय. सोमवारपासून तिला तेच इंजेक्शन सुरू करायचं त्यानं ठरवलं होतं, नव्वद दिवसांचं. आणि मागच्या मंगळवारी तिच्या केसपेपरवर विमलच्या अक्षरात त्याला दिसलं होतं, 'दुसऱ्या ठोक्यानंतर बारीक फुंकर?' त्यानं लाल पेन्सिलीनं ती ओळ आडवी खोडली होती आणि साऱ्या वॉर्डासमोर म्हणाला होता, "काल जे वाचलं ते आज ऐकू येतं. पुस्तकं कानात घालून वॉर्डात येत जाऊ नका." मुलगे हसले होते. विमल लाल झाली होती.

आता ते सगळं जुळत होतं. सांधे, प्लीहा, बोटाची गाठ, उतरून परत येणारा ताप. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले होते, ती झडप गळत होती, आणि ती गळती दोन महिने बारीक आवाजात सांगत होती. पलंगावर पडल्या पडल्या त्याला एक सोपी वाटही दिसली. उद्या पोरांना म्हणायचं, चला, शिकण्यासाठी तिघंही तपासा. त्यांनी सांगायचं, आपण मान डोलवायची. 'आज स्पष्ट झाली बरं का,' असं म्हणायचं. आवाज खरंच दिवसागणिक बदलतात, पुस्तकातच आहे. पोरगी वाचेल. कुणाला काही कळणार नाही. नोकरीची उरलेली वीस वर्षं असंच पोरांच्या कानांनी ऐकत जाता येईल. हा विचार इतका व्यवस्थित होता की त्याला त्याची भीती वाटली. संध्याकाळपर्यंत तो पडून राहिला. वच्छलाबाई निघताना दाराशी काही बोलल्या, तो उठून बसेपर्यंत त्या गेल्या होत्या.

सोमवारी सकाळी पंचफुलाची आई सोजराबाई खाटेशी उकिडवी बसली होती. लेकीचे पाय तिच्या मांडीवर होते. इंजेक्शनाचा ट्रे तयार होता. शालिग्रामनं सिस्टरला तो बाजूला ठेवायला सांगितलं आणि गळ्यातली तपासणीची नळी काढून विमलच्या हातात दिली.

"तपास."

"सर, मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. आपण..."

"मी खोडलं. आता तू ऐक. तिला बसव, पुढं वाकव, श्वास सोडून थांबायला सांग. घाई करू नको."

मुलग्यांनाही त्यानं एकेक करून ऐकायला लावलं, आणि तिघांनी एकमेकांशी न बोलता चिठ्ठीवर लिहायचं असं सांगितलं. पंचफुला वाकून बसली होती. अशक्त मानेवरचे केस घामानं चिकटले होते, तिला प्रत्येक वेळी श्वास धरताना त्रास होत होता, तरी ती निमूट धरत होती. तीन चिठ्ठ्या त्याच्या हातात आल्या. विमलच्या चिठ्ठीवर होतं, 'आहे. आधीपेक्षा लांब.' एका मुलानं लिहिलं होतं, 'आहे.' दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'असावी.' सोजराबाई उठून उभी राहिली. तिची नजर त्याच्या मोकळ्या हातांवर होती.

"काऊन जी डाक्तर, सारे पाहून राह्यले माह्या पोरीले. तुमी काऊन नाई पाहत?"

वॉर्डात सिस्टर होती, आया होती, अकरा खाटा होत्या. त्याच्या तोंडात उत्तर तयार होतं, शुद्ध, नेटकं, शिकवण्याच्या पद्धतीविषयीचं. ते आलं नाही. जे आलं ते त्याला स्वतःलाच अनोळखी वाटलं, कारण चौदा वर्षांत तो असा बोलला नव्हता.

"मले ऐकू येत नाई, माय. बारीक आवाज मले येत नाई. ह्या पोरीले आला होता, आन म्या तिचं लिहिलेलं खोडलं. आठ दिवस वाया गेले तुह्या लेकीचे. ते माह्यामुळं गेले."

सिस्टरचा हात ट्रेवर थांबला. मुलगे जमिनीकडे पाहू लागले. सोजराबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला त्यातलं काय समजलं, काय नाही, ते कळत नव्हतं. मग ती पुन्हा खाली बसली आणि तिनं लेकीचे पाय मांडीवर घेतले. "मंग आता कराल का काई?" एवढंच ती म्हणाली.

"करतो."

दर चार तासांनी पेनिसिलिन, सहा आठवडे. पंचफुलाच्या दंडांवर आणि मांड्यांवर सुईला जागा उरली नाही. पहिल्या पाच दिवसांत काहीच झालं नाही, उलट एके दुपारी ताप असा चढला की शालिग्राम खुर्ची टाकून खाटेशी बसून राहिला. आपण वाया घालवलेला आठवडा, नेमका तोच, हिला वाचवायला हवा असला तर? हा प्रश्न त्यानं कुणाला विचारला नाही. सातव्या दिवशी ताप उतरला आणि दहाव्या दिवशी आला नाही. झडप कायमची गळकी राहणार होती; जड कामं, बाळंतपण, सगळं जपून. पण ती खाटेवर उठून बसली आणि तिनं आईला मिरचीचा ठेचा मागितला.

आपल्या कानांविषयी त्यानं सिव्हिल सर्जनना लेखी कळवलं. ते वाचून त्यांनी कागद उलटा ठेवला. "हे कशाला देता, सुरुशे? पोरांना ऐकायला लावा, खाली तुम्ही सही करा. गावात कळलं तर ओपीडी ओस पडेल." त्यानं कागद परत घेतला नाही. नागपूरला कान तपासून झाले. वरचे स्वर गेलेले होते, ते येणार नव्हते, उरलेलेही हळूहळू जातील असं तिथले डॉक्टर म्हणाले, मोठ्यानं, त्याच्या तोंडासमोर तोंड आणून. मेडिसिनला दुसरा माणूस येईपर्यंत त्यानं एकट्यानं छाती तपासायची नाही, आणि मग क्षयाच्या विभागात बसायचं, असं ठरलं. तिथं एक्स-रे वाचायचे असतात. गावात कळलंच. ओपीडी ओस पडली नाही, पण त्याच्या टेबलाशी येणारी माणसं आधी ओरडून बोलू लागली, आणि मग थोडक्यात.

पुढच्या तुकडीसाठी यादी त्यानं पुन्हा लिहिली. सहातली चार पुस्तकं काढली. तांबडं ठेवलं. रोग्याला कसं बसवायचं, कुठं हात ठेवायचा, काय विचारायचं, एवढंच सांगणारं एक पातळ पुस्तक ठेवलं. तबकडी शाईनं लिहिली. आणि शेवटी लिहिला पंचफुलाचा केसपेपर. नाव काढून त्याची नक्कल करायची, लाल रेघ मात्र जशीच्या तशी ठेवायची, आणि खोडणाऱ्याचं नाव खाली लिहायचं. महादेवराव यादी टाइप करायला बसले तेव्हा अडले. "साहेब, हे कशात घालू? पुस्तक म्हनू का सामान?" शालिग्राम म्हणाला, "पुस्तकात घाला." कपाट भरलं. तिघांची मुदत संपली आणि ती नागपूरला गेली. निघताना विमल त्याच्या खोलीच्या दारात उभी राहून बराच वेळ काही सांगत होती, उजेड तिच्या मागून येत होता त्यामुळं ओठ दिसत नव्हते. "जवळ येऊन सांग," असं म्हणावं असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "हो, हो. छान. लिहीत जा." ती नमस्कार करून गेली.

मार्चच्या सुरुवातीला पंचफुलाला सोडलं. शेगावकडे जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती, पोरगी नवं पातळ नेसून बाकावर बसली होती, आणि सोजराबाई बोचकं काखेत मारून वॉर्डाच्या व्हरांड्यात त्याच्यासमोर आली. ती काही बोलली. त्यानं मान हलवली. ती तशीच उभी राहिली. ही मान खोटी आहे हे तिला सहा आठवड्यांत कळलं होतं. तिनं बोचकं खाली ठेवलं, टाचा उंच केल्या, त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वाकवलं आणि त्याच्या कानाशी दोन्ही हातांचा आडोसा करून ओरडली. व्हरांड्यातली सगळी माणसं वळून पाहू लागली.

"म्हनलं, घरी कोनी हाय का तुमाले?"

हे त्याला स्वच्छ ऐकू आलं. तिच्या हातांना औषधाचा वास येत होता.

"नाई," तो म्हणाला. आणि आपण ते केवढ्यानं म्हणालो, हे त्याला कळलं नाही.